लिंबाचा ओंडका आणि ५८ सीसीचं मशीन: फळ्या पाडायला बार कोणता, चेन कोणती?

रानात रेंज नसली की भाग अर्ध्यात अडकतो, आणि काहींना ऐकण्यापेक्षा वाचलेलं बरं पडतं. त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथं जिथं "हे बघा, असं" म्हणून हात केले होते, तिथं इथं मापं लिहिली आहेत.

आजचा प्रश्न आलाय चकलांब्याहून, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातून. वळवाच्या वाऱ्यात बांधावरचं लिंब मुळासकट आडवं झालं. बुंधा दोन फूट जाड, सरळ खोड आठ फूट. जळणवाला येऊन बघून गेला, वजनावर भाव सांगून गेला. वडील म्हणतात, देऊन टाक, पेरणीच्या आत रान मोकळं होईल. पण झाड आजोबांनी लावलेलं. पोराच्या मनात आहे की त्याच्या फळ्या पाडाव्यात, नव्या घराला चौकट करावी, एक दिवाण करावा. घरी ५८ सीसीचं चेनसॉ आहे, २२ इंची बारचं. आणि पठ्ठ्याने ऑनलाइन ३६ इंची बार, त्याची चेन आणि फळ्या पाडायची फ्रेम कार्टमध्ये टाकून ठेवलीय. विचारतो, "घेऊ का?"

दादा, फ्रेम घे. ३६ इंची बार घेऊ नको. का, ते आता सविस्तर.

रानातच फळ्या पाडायच्या कशाला?

आधी साधा हिशोब. दोन फूट जाड, आठ फूट लांब ओल्या लिंबाच्या ओंडक्याचं वजन साधारण ६०० ते ७०० किलो भरतं. तो ट्रॉलीत घालायला क्रेन किंवा जेसीबी पाहिजे. तशी सोय असेल, रस्ता असेल, तर सरळ सॉ मिलला न्या. तिथल्या पट्ट्याच्या करवतीने एका कापाला दोन-तीन मिलिमीटर भुसा होतो. चेनसॉने आठ-नऊ मिलिमीटर होतो. लाकूड वाचवायचं असेल तर गिरणीच बरी.

पण ओंडका बांधावर पडलाय, मधे नांगरलेलं रान आहे, आणि क्रेनचं भाडं दिवाणाच्या किमतीएवढं होतंय, असं असेल तर मशीन झाडाकडे न्यायचं. पूर्वी माळवदाच्या तुळया पाडायला दोन माणसं मोठी करवत घेऊन झाडापाशीच जायची, एक वर, एक खाली. आपण तेच करतोय, फक्त एका माणसाच्या जागी इंजिन आहे.

यासाठी जी फ्रेम मिळते तिला अलास्कन मिल म्हणतात. बारच्या दोन्ही टोकांना ती घट्ट बसते आणि वरच्या सपाट पृष्ठभागावर सरकत जाते. फ्रेम आणि बार यांतलं अंतर तुम्ही ठरवाल, तेवढ्या जाडीची फळी निघते.

बार: लिहिलेली लांबी आणि हातात येणारी लांबी

इथं पहिली चूक होते. २२ इंची बार म्हणजे २२ इंच रुंद फळी, असं नाही. फ्रेमची एक पकड बारच्या टोकाला बसते, दुसरी मशीनच्या बाजूला. दोन्ही मिळून साधारण चार इंच जातात. म्हणजे २२ इंची बारवर १८ इंचाची फळी धरा. मशीनच्या तोंडाशी असलेले लोखंडी काटे काढले तर अर्धा-एक इंच परत मिळतो.

मग दोन फुटाच्या ओंडक्याला २८ इंची बार तरी पाहिजे, असं वाटतं. त्यातूनच माणूस ३६ वर जातो, "पुढं कामाला येईल" म्हणून. पण बार ओढायचा कोणी? इंजिनने. आडवं लाकूड कापताना चेन काही सेकंद लाकडात असते. फळी पाडताना ती दहा-पंधरा मिनिटं, कधी जास्त, सलग पूर्ण रेसवर लाकडात असते आणि प्रत्येक दात एकाच वेळी ओझं ओढत असतो. ढोबळ अंदाज असा धरा: ६० सीसीच्या आसपासच्या मशीनला २० ते २२ इंची बार, ७० सीसीच्या पुढं २४ ते २८ इंची, आणि ३६ इंची बारला ९० सीसी किंवा जास्त. लिंब, बाभळ, चिंच हे कठीण लाकूड, त्यामुळे या आकड्यांच्या खालच्या बाजूलाच राहा.

५८ सीसीवर ३६ इंची बार लावला तर काय होईल? चेन अडकेल, क्लच घसरून तापेल, तेलपंप टोकापर्यंत तेल पोचवू शकणार नाही, बार निळा पडेल. शेवटी पिस्टन धरून बसला की मशीनच गेलं.

मग दोन फुटाचा ओंडका कापायचा कसा?

भूमिती वापरायची. ओंडका गोल आहे, वरून खाली येताना त्याची रुंदी हळूहळू वाढते. २४ इंच व्यासाच्या ओंडक्याला वरून चार इंचांवर काप घेतला, तर तिथली रुंदी जवळपास १८ इंचच असते. म्हणजे तुमच्या बारात बरोबर बसते.

तर पहिला काप वरून चार इंचांवर. मग ओंडका पाव फिरवा, दुसऱ्या बाजूने चार इंच. परत फिरवा, परत चार. चारही बाजू झाल्या की मधे १६ इंच बाय १६ इंचाचा चौकोनी ठोकळा उरतो. आता त्यातून हव्या तेवढ्या फळ्या पाडा, कुठलाच काप १६ इंचांहून रुंद नाही. नवा बार लागलाच नाही.

बाजूला निघालेली चार पाठाडं वाया जात नाहीत. एक बाजू सपाट, एक गोल. त्यांचे बाक होतात, गोठ्याला लागतात. मात्र सालीकडचं पांढरं लाकूड लवकर कीड धरतं, त्यामुळे चौकटीचे नग मधल्या ठोकळ्यातूनच काढा.

फळ्या किती जाडीच्या? भुशाचा हिशोब बघा. १६ इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर. २५ मिलिमीटरच्या फळ्या पाडल्या तर १२ निघतात, मधे ११ काप. प्रत्येकी ९ मिलिमीटर धरले तर ९९ मिलिमीटर, म्हणजे जवळपास चार इंच लाकूड भुशात गेलं. ५० मिलिमीटरच्या पाडल्या तर ७ फळ्या, ६ काप, भुसा ५४ मिलिमीटर. चेनसॉने जाड फळ्या पाडा, पातळ करायचं काम सुताराकडे. चौकटीला तर जाडच पाहिजे.

बार बदलायचाच असेल तर

कधी ना कधी बार झिजतो. तेव्हा नुसती लांबी बघून घेऊ नका. बारचं बूड मशीनवर बसतं, तिथली खाच, चेन ताणायच्या खिळीचं भोक आणि तेलाचं भोक या तिन्ही गोष्टी तुमच्या मशीनशी जुळल्या पाहिजेत. जुना बार दुकानात घेऊन जा आणि एकावर एक ठेवून बघा. तेलाचं भोक पाव इंच सरकलेलं असेल तर बार बसेल, पण कोरडा चालेल.

टोकाला चक्री असलेला बार असेल तर फ्रेमची पकड चक्रीवर आवळू नका, तिच्या मागे आवळा. नाहीतर चक्री जाम होते.

चेन: तीन आकडे

चेन घेताना "२२ इंची द्या" म्हणून भागत नाही. तीन आकडे लागतात, आणि ते बहुतेक वेळा बारच्या बुडाशी कोरलेले असतात.

पहिला पिच. चेनवरचे लागोपाठ तीन रिवेट बघा, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि निम्मं करा. तो पिच. ५८ सीसीच्या मशीनवर बहुतेक ०.३२५ इंच असतो. मोठ्या मशीनवर ३/८ इंच, त्याहून मोठ्यावर ०.४०४. चेन, मशीनमधली चक्री आणि बारच्या टोकाची चक्री, तिघांचा पिच एकच पाहिजे.

दुसरा गेज. चेनच्या खालच्या बाजूला जी जीभ बारच्या खाचेत फिरते, तिची जाडी. १.३, १.५, १.६ मिलिमीटर अशी मापं असतात. पातळ जीभ रुंद खाचेत टाकली तर चेन डगडग करते आणि फळीवर लाटा उठतात. जाड जीभ खाचेत जातच नाही.

तिसरा आकडा म्हणजे त्या जिभा किती, ती संख्या. एकाच लांबीच्या बारला वेगवेगळ्या मशीनवर वेगळी संख्या लागते. २० इंची बारला कुठं ७६, कुठं ८०. म्हणून जुनी चेन जमिनीवर ठेवा, खडूने एका जिभेवर खूण करा आणि मोजा. दोनदा मोजा.

फळ्या पाडायची चेन वेगळी का?

इथं एक गोष्ट सांगतो. १९४६ साली अमेरिकेत ओरेगनमध्ये जो कॉक्स नावाचा माणूस लाकडं फोडत होता. लाकडात त्याला भुंग्याची जाडजूड अळी दिसली. ती लाकूड आडवंही खात होती आणि उभंही, तितक्याच सहज. त्याने नीट बघितलं तर तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे असे आलटून पालटून चालत होते. त्यावरून त्याने एक दात डावा, एक उजवा अशी चेन बनवली आणि १९४७ मध्ये पोर्टलंडला कंपनी काढली. आज तुमच्या मशीनवर जी चेन आहे, ती त्याच कुळातली.

आता लाकूड म्हणजे कडब्याची घट्ट बांधलेली पेंढी समजा. पेंढी आडवी तोडायची तर आधी दोन्ही कडांना ताटं कापावी लागतात आणि मग मधला तुकडा उचलावा लागतो. म्हणून साध्या चेनचा दात वरून तिरका असतो, साधारण ३० अंश. तो कडेला सुरीसारखा कापतो.

फळी पाडताना मात्र आपण ताटांच्या टोकांवरून आत शिरतो. तिथं तिरका दात एकदा डावीकडे ढकलतो, एकदा उजवीकडे. फळीवर ओरखडे आणि पट्टे उठतात आणि मशीन हातात थरथरतं. म्हणून या कामाच्या चेनचा दात जवळपास सरळ घासलेला असतो, ५ ते १० अंश. रंध्याच्या पात्यासारखा तो समोरून तासतो. फळी गुळगुळीत येते आणि भुसा बारीक पडतो. दुकानात हिला रिपिंग चेन म्हणतात.

मिळत नसेल तर? जुनी साधी चेन घ्या आणि दर वेळी धार लावताना कोन थोडा थोडा कमी करत १० अंशांवर आणा. एकदम आणू नका, दात उगाच झिजतो.

दाताचा कोपरा कसा, तेही बघा. टोकदार कोपऱ्याचा दात वेगाने कापतो, पण माती लागली की लगेच बोथट होतो. गोलसर कोपऱ्याचा दात थोडा सावकाश चालतो पण धार टिकवतो. आपल्याकडे पडलेल्या झाडाच्या सालीत माती, वाळू, खडे भरलेले असतात, लाकूडही कठीण. गोलसर कोपऱ्याचाच घ्या. एक दात सोडून एक, अशी विरळ दातांची चेन असते, ती २८ इंचांच्या पुढच्या बारसाठी. २२ इंचीला भरलेली चेन बरी.

धार

ऊसतोडीला जाणाऱ्या घरात कोयत्याला कानस मारणं पोरासोरांनाही येतं. तोच हात इथं लागतो, फक्त कानस गोल. ०.३२५ पिचला ४.८ मिलिमीटरची, ३/८ ला ५.५ मिलिमीटरची. आतून बाहेर, एकाच दिशेने, प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे. डाव्या दातांना चार आणि उजव्यांना सात मारले तर चेन एका बाजूला ओढते आणि फळी वाकडी येते.

प्रत्येक दातापुढं एक बुटकी नाकाडी असते. दात किती खोल जाईल ते ती ठरवते. दाताच्या वरच्या कडेपेक्षा ती साधारण ०.६५ मिलिमीटर खाली पाहिजे. जास्त घासली तर चेन मोठे घास घेते आणि इंजिन दमतं.

दोन-तीन काप झाले की धार बघा. भुसा पिठासारखा व्हायला लागला, मशीन दाबावं लागतंय, धूर येतोय, म्हणजे धार गेली. म्हणून दोन चेन घ्या. एक चालू, एक धार लावून तयार.

काम सुरू करण्याआधी

मुळासकट पडलेल्या झाडाचा सगळ्यात मोठा धोका मुळांच्या गड्ड्यात असतो. खोड कापून वेगळं झालं की तो गड्डा एकदम परत उभा राहू शकतो, किंवा वेगळ्याच बाजूला कलंडू शकतो. त्याच्या आसपास कोणी नको, खड्ड्यात लहान पोरं तर अजिबात नको. हे काम पूर्वी केलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

बांधावरच्या झाडात तारा असतात. कुंपणाच्या, कपडे वाळत घालायच्या, बैल बांधायच्या खिळ्याच्या. वर्षं गेली की साल त्यांना गिळते. साल सोलून काढा, काळे-निळे डाग दिसतात का बघा, लोहचुंबक फिरवा. एक खिळा लागला की अख्खी चेन गेली.

पहिल्या कापाला ओंडका गोल असतो, फ्रेम सरकवायला सपाट जागा नसते. सरळ शिडी किंवा दोन लोखंडी अँगल वर ठोकून बसवा. दोन्ही टोकांना ओळंबा लावून आडवी-उभी रेघ आखा, दुसऱ्या कापाला गुण्या लावा. पहिला काप वाकडा गेला तर पुढची प्रत्येक फळी वाकडी. ओंडका जमिनीपासून उचलून दोन आडव्या लाकडांवर ठेवा, दोन्हीकडून दगड लावा. काप पुढं गेला की मागच्या फटीत लाकडी पाचरी घाला, नाहीतर वरची फळी बसून चेन दाबते.

इंधनाचं मिश्रण मशीनच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच. २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल, ५० ला १ म्हणजे २० मिलिलिटर. तेल कमी घालून पैसे वाचत नाहीत. चेनला बारचंच तेल वापरा, इंजिनातलं जळकं काळं तेल नको. प्रत्येक कापानंतर मशीन मिनिटभर नुसतं चालू ठेवा, मग बंद करा. गरम असताना ताणलेली चेन गार झाल्यावर आवळते, म्हणून काम संपल्यावर ती सैल करून ठेवा.

अंगाची काळजी

या कामात तुम्ही वाकून इंजिनाच्या धुराजवळ बराच वेळ असता. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याने डोकं जड होतं, चक्कर येते. वारा धूर तुमच्यापासून लांब नेईल अशा बाजूने उभे राहा. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, कानात बोळे किंवा कानटोप्या हव्यातच. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, पायात जाड बूट. गळ्यात गमछा नको, लुंगी नको. एकट्याने करू नका. सोबतच्या माणसाला १०८ नंबर माहीत पाहिजे आणि त्याच्या फोनला रेंज येते ती जागा आधीच बघून ठेवा.

कागदपत्रं

महाराष्ट्रात १९६४ चा झाडं तोडण्याचं नियमन करणारा कायदा आहे. साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह, खैर, चंदन अशी झाडं त्याच्या यादीत आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगी लागते. झाड कुठलंही असो, वाऱ्याने पडलेलं असलं तरी फोटो काढून ठेवा, तलाठ्याच्या कानावर घाला आणि लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक पासचं विचारून घ्या. आणि मित्रांनो, घरच्या झाडाच्या फळ्या पाडणं वेगळं, गावोगाव भाड्याने फळ्या पाडत फिरणं वेगळं. सॉ मिलला वनविभागाचा परवाना लागतो. धंदा करायचा विचार असेल तर आधी तिथं जाऊन विचारा.

फळ्या पडल्या, पुढं?

ओली फळी लगेच सुताराकडे नेऊ नका. दोन्ही टोकांना त्याच दिवशी ऑइल पेंट फासा, कारण पाणी टोकांतून सगळ्यात लवकर उडतं आणि तिथूनच चिरा पडतात. सावलीत, जमिनीपासून फूटभर वर थप्पी लावा. प्रत्येक थरात इंचभर जाडीच्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, वरच्या खाली एका रेषेत. वर वजन ठेवा. जाडीच्या एका इंचाला एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. आपल्याकडचा उन्हाळा कडक, लाकूड त्याआधी वाळेल, पण घाई केली तर तडकेलही. झाडाचा गाभा ज्या फळीत आला ती बहुतेक तडकतेच, तिची अपेक्षा सोडून द्या.

म्हणजे चकलांब्याच्या दादासाठी यादी इतकीच: २४ इंची अलास्कन फ्रेम, आहे त्याच २२ इंची बारच्या मापाच्या दोन रिपिंग चेन, ४.८ ची कानस, बारचं तेल, चार पाचरी, कानाचं आणि डोळ्याचं संरक्षण. ३६ इंची बार कार्टमधून काढून टाक. चार काप ठोकळ्याला, सहा काप फळ्यांना, एकूण दहा. सावकाश केलं तर दोन दिवस.

आणि वडिलांचं म्हणणंही खोटं नाही. पेरणी थांबत नाही. ओंडका कापून बांधाच्या कडेला सरकवला तर रान मोकळं होतं, फांद्या जळणवाल्याला देता येतात. फळ्यांचं काम मग निवांत करता येईल. हे त्यांच्याशी बोलून ठरव, मशीन सुरू करायच्या आधी.

फळ्यांचे फोटो पाठव. बाकीच्यांनी आपले प्रश्न व्हॉइस मेसेजने पाठवा, मशीनचा सीसी आणि बारवरचे आकडे सांगायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात.